अडतीस आकड्याचं पाणी

टाकी धुवायला काढल्याशिवाय तळाशी किती गाळ बसलाय ते कळत नाही. आमच्या दुकानाचंही तसंच आहे. रोज कुणीतरी काहीतरी बोलून जातं, आम्ही हसतो, विसरतो. मग एखादी मैत्रीण विचारते, "तुझं ते फिल्टरचं दुकान काय म्हणतंय?" आणि मी एक सांगायला घेते तर खालून सात वर येतात.

दुकान पैठणजवळच्या आमच्या शहरात, सिडको वसाहतीत आहे. वॉटर प्युरिफायरची विक्री आणि दुरुस्ती. माणसं तीन. मालक म्हणजे अण्णा, मूळचे पैठणचे, साठीच्या आसपासचे. मशीन बसवणारे आणि दुरुस्त करणारे सलीमभाई. आणि मी, शुभांगी, केमिस्ट्रीत बीएस्सी, घरोघरी जाऊन पाणी तपासणारी. अण्णा मला नावानं हाक मारत नाहीत. "मॅडम" म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात त्यात मान फार थोडा असतो.

येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो. फिल्टर घ्यावा का? अण्णांचा नियम असा की या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, डेमो द्यायचा. माझा स्वभाव असा की प्रश्न विचारला की मी उत्तर देते. पुढचं सगळं त्यातून झालं.

*

अण्णांकडे डेमोसाठी एक यंत्र होतं. दोन ग्लास घ्यायचे, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हीत लोखंडी सळ्या सोडायच्या आणि बटण दाबायचं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं होतं, मग तपकिरी, मग गटारासारखं. मशीनचं पाणी जसंच्या तसं राहतं. बघणारा तिथंच मशीनची किंमत विचारतो.

माझा पहिलाच आठवडा होता. एक निवृत्त काका-काकू आले होते. ग्लास काळवंडला तसा काकूंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, एवढी वर्षं आम्ही हे पितोय.  अशा वेळी अण्णा नुसते सुस्कारा सोडतात.

मी कोपऱ्यात पेरू खात बसले होते. पेरूबरोबर मिठाची पुडी होती. मी उठले, चिमूटभर मीठ मशीनच्या स्वच्छ पाण्यात टाकलं आणि बटण दाबलं. तेही पाणी गटारासारखं झालं. मी समजावून सांगितलं की हा रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, सळईच्या गंजाचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते. मशीनच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून काही होत नाही, बाकी यात जादू नाही.

काका उठले, काकूंना उठवलं आणि दोघं नमस्कार करून निघून गेले.

 दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या गाड्यावर पेरू घ्यायला गेले तर पेरूवाला म्हणाला, "ताई, तुमच्या मालकांनी सांगून ठेवलंय. तुम्हाला पेरू द्यायचा, मीठ नाही द्यायचं."

*

पाण्यात जंतू आहेत का ते बघायला आमच्याकडे छोट्या बाटल्या असतात. घरातलं पाणी भरायचं, बाटली उबेला ठेवायची. पाणी खराब असेल तर दिवस-दोन दिवसांत बाटली काळी पडते. शाळेतलं पोरही करू शकेल इतकं सोपं काम आहे. मोठी माणसं मात्र ते फार विचार करून करतात, आणि तिथंच घोटाळा होतो.

गारखेड्यात एक निवृत्त गुरुजी राहतात. दोन नातू महिनाभर पोट धरून बसलेले. मी बाटली देऊन आले. दोन दिवसांनी बघते तर स्वच्छ. दुसरी दिली, तीही स्वच्छ. तिसऱ्या वेळी मी तिथंच ठाण मांडलं आणि म्हटलं, आता माझ्यासमोर भरा.

आजी उठल्या. स्वयंपाकघरातल्या नळावरून पुढं गेल्या, प्यायच्या पाण्याच्या पिंपावरून पुढं गेल्या, फ्रिज उघडला आणि पाहुण्यांसाठी विकत आणून ठेवलेली सीलबंद बाटली बाहेर काढली.

मी विचारलं, हे काय करताय. गुरुजींनी मला चौथीतल्या पोरीला सांगावं तसं शांतपणे सांगितलं, "अहो, बाहेरच्या माणसाला तपासायला द्यायचं म्हटल्यावर घरातलं चांगलं द्यायला नको का?"

पिंपातल्या पाण्यानं भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी झाली. मी सांगितलं, आधी पिंप घासा, मग औषधाचे थेंब टाका, प्यायचं पाणी उकळा, मशीनचं महिन्याभरानं बघू. नातू आठवड्यात खेळायला लागले. मशीनचं कुणाला आठवलंच नाही, अण्णा सोडून.

*

काही ठिकाणी मशीन खरंच लागतं, आणि तिथंही सुखानं बसवू देत नाहीत. गंगापूरकडच्या एका मळ्यात आम्ही गेलो. बोअरचं पाणी इतकं खारट की चहात दूध फाटावं. माझ्या मीटरवर आकडा पंधराशेच्या वर. पाण्यात क्षार किती विरघळलेत तेवढंच हा मीटर सांगतो, पाणी गोड की खारट याचा हिशोब. मी पहिल्यांदाच अण्णांच्या मनासारखं बोलले. म्हटलं, घ्याच.

सलीमभाईंनी मशीन बसवलं. एका नळीतून प्यायचं पाणी, दुसऱ्या नळीतून क्षाराचं पाणी बाहेर. घरातले तात्या काठी टेकून बराच वेळ दोन्ही नळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, या दुसऱ्या नळीतनं काय जातं? मी म्हटलं, पाण्यातलं जास्तीचं सगळं.

पंधरा दिवसांनी फोन आला, तात्यांनी बोलावलंय. गेलो तर तात्यांनी मला गोठ्यात नेलं. म्हशीसमोर दोन बादल्या ठेवल्या. एकीत मशीनचं पाणी, दुसरीत बाहेर टाकलेलं. म्हशीनं पहिली हुंगून सोडली आणि दुसरी तळापर्यंत प्यायली.

"बघितलं का," तात्या म्हणाले, "सगळी ताकद ह्यात हाय. जनावराला कळतं, तुमच्या कॉलेजात नाय शिकवत."

मी वाद घालायला तोंड उघडलं. सलीमभाईंनी माझ्या ओढणीचं टोक धरून मला मागं ओढलं आणि तात्यांना विचारलं, मग मशीन काढून नेऊ का? तात्या दचकले. म्हणाले, काढता कशाला, नातवंडांना गोड लागतंय ते. बोलावलं एवढ्यासाठीच, की ही दुसरी नळी गोठ्याच्या हौदापर्यंत लांब करून द्या.

*

सलीमभाई बोलतात कमी. त्यांचा एकच किस्सा आहे, पण तो ते दर महिन्याला सांगतात.

एका मोठ्या बंगल्यातून तक्रार आली होती की मशीनचा दिवा लागत नाही. सहा वर्षं जुनं मशीन, दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं. घरातले आजोबा आल्या-गेल्याला त्यातलं पाणी देऊन चव विचारायचे. सलीमभाईंनाही दिलं. चव कशी आहे विचारलं, सलीमभाईंनी अच्छी है म्हटलं.

मग त्यांनी झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. ना गाळ अडवणारी कँडल, ना क्षार अडवणारं मेंब्रेन. बसवणाऱ्यानं रिकामा डबा भिंतीला टांगून एक नळी आत घातली होती, दुसरी बाहेर काढली होती. नळाचं पाणी सहा वर्षं भिंतीवरून चक्कर मारून ग्लासात येत होतं.

सलीमभाईंनी सगळं नवीन बसवलं आणि दिवा लावून दिला. दोन दिवसांनी आजोबा दुकानात आले, भयंकर चिडलेले. म्हणाले, तुम्ही आमच्या पाण्याची चव घालवलीत.

"मेरेकू बोले, पहले जैसा कर दो," सलीमभाई सांगतात. "अब पहले जैसा करना बोले तो सब निकालना पडता. मैं निकाल दिया. रातकू फोन करके दुआ दिये."

*

आता माझ्यावर आलेलं संकट. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लग्नघरासारखी धावपळ असते, आणि मग ते पाच-सहा दिवस पुरवायचं असतं. हे अण्णांना माहीत आहे, मला माहीत आहे, मशीन बनवणाऱ्यांना माहीत नाही. क्षार काढणारं आरओ मशीन एक बादली प्यायचं पाणी देताना दोन-तीन बादल्या बाहेर टाकतं.

एक नवीन लग्न झालेली मुलगी आली. घरात एकच लहान टाकी, सासू-सासरे, दीर. पाणी जायकवाडीचं, नळाचं, मीटरवर अडीचशेच्या आसपास. तिनं विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, खारं पाणी असतं तर घे म्हटलं असतं. तुझ्या पाण्याला याची गरज नाही. टाकी साफ करून घे, पाणी गाळून उकळ. घ्यायचंच झालं तर साधं यूव्ही घे, ते दिव्यानं जंतू मारतं, पाणी वाया घालवत नाही. आणि आरओ कुणी गळ्यात मारलंच, तर त्यातनं बाहेर पडणारं पाणी फरशीला वापर, त्याला एक मोठी बादली लागेल.

ती खूश झाली. समोरच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि मोठी बादली, गाळणं, झाकणाचं पातेलं घेऊन आमच्या समोरून हात हलवत निघून गेली.

अण्णा काचेतून बघत होते. म्हणाले, "मॅडम, समोरच्या दुकानातून पगार मिळतो का तुम्हाला?"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की आता पुरे झालं. महिना संपेपर्यंत यायचं, पुढचं पुढं बघू. पुढचं काय ते मला कळत होतं. मी देवगाव रंगारीची. खोलीचं भाडं याच पगारातून जायचं आणि एमएस्सीचं पहिलं वर्षही. घरी वडिलांशी बोली अशी की नोकरी आहे तोवर शहर, नोकरी गेली की देवगाव. आणि देवगावात एमएस्सी नाही.

*

त्याच महिन्यात एक चमत्कार सुरू झाला होता. अण्णा लाडू आणायला लागले.

हे अण्णा म्हणजे चहा तिघांत दोन सांगणारे. ते दर सोमवारी आणि गुरुवारी स्टीलचा डबा उघडून टेबलावर ठेवायचे. शेंगदाणा-गुळाचे लाडू, लिंबाएवढे, हातानं घट्ट वळलेले. खा म्हणायचे आणि स्वतः मात्र खायचे नाहीत. दुकानात दाखवायला लावलेल्या आरओ मशीनच्या नळाखाली एक पांढरा कॅन लावून तो भरेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचे. कॅन कशाला विचारलं तर म्हणायचे, गाडीच्या बॅटरीला.

आम्ही चौकशी केली नाही. सलीमभाई म्हणाले, "लड्डू का पता नक्को पूछ, लड्डू खा." मी चार-चार खाल्ले. नोकरी जाणारच होती.

*

महिना संपायला चार दिवस उरले होते. अण्णांनी मला गाडीत बसवलं आणि घरी नेलं. वाटेत सांगितलं ते असं.

त्यांची आई, माई, पैठणला असते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिला इथं आणलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण माई पाणी पीत नव्हती. दिवसाला दोन कप, तेही गोळ्यांबरोबर. लघवीला जळजळ सुरू झालेली. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल.

"लोकांना मशीनचं पाणी नाकारायला तुम्ही चांगलं शिकवता," अण्णा म्हणाले. "आता एका माणसाला प्यायला शिकवा. माई पाणी प्यायली तर पुढच्या महिन्यात या. नाहीतर देवगावची गाडी कुठून सुटते ते तुम्हाला माहीत आहे."

माई पलंगावर बसली होती, पाय उशीवर, चेहरा सुकलेला. भिंतीवर अण्णांचं सगळ्यात भारी मशीन. त्याचं पाणी तिनं पहिल्याच दिवशी थुंकलं होतं. मेलेलं पाणी, म्हणाली. नळाचंही नको, औषधाचा वास येतो. ती फक्त पैठणचं पाणी प्यायची. एसटीचा एक ओळखीचा कंडक्टर दर सोमवारी आणि गुरुवारी कॅन आणून देतो म्हणे. तो पलंगाजवळच ठेवला होता.

मी म्हटलं, मग ते तरी पोटभर प्या ना.

"काय पिऊ गं," माई म्हणाली. "पहिला कॅन लई चांगला आला. पुढं गोदामाईचं पाणी बी बिघडलं. तोंडात घेतलं तरी घशाला लागतच नाय. जल्म काढला त्या पाण्यावर. आता तेच नाय ऱ्हायलं तर कुठलं पिऊ?"

ती हट्ट करत नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं. मला मात्र रागच आला. जायकवाडीचं धरण पैठणला, तिथूनच पाइपलाइन इथं येते, म्हणजे नळाला तेच पाणी. एवढी साधी गोष्ट घरात कुणी तिला सांगू नये? मी सांगितली. माईनं मान दुसरीकडे वळवली.

तेव्हा मी बोलणं सोडलं. अण्णांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं की नळाचं पाणी खळखळून उकळा म्हणजे औषधाचा वास उडेल, रात्रभर माठात ठेवा, आणि माईंना काही बोलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन फुलपात्रं घेतली. प्रत्येकाच्या बुडाला वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली. हिरवी मशीनच्या पाण्याला, निळी कॅनच्या, लाल माठातल्या. माईला म्हटलं, यात एक पैठणचं आहे, ओळखा.

तिनं हिरवीचं घोटभर घेतलं आणि बाजूला ठेवलं. निळीचं घेतलं आणि म्हणाली, हे बी तसलंच. लाल टिकलीचं तोंडाला लावलं आणि खाली ठेवलंच नाही. रिकामं भांडं माझ्यापुढं धरलं. मी भरलं. तेही संपलं.

"हे आपलं," ती म्हणाली. "आज चांगलं आलं बघ."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. दारात उभ्या अण्णांनी मोठा श्वास सोडला. नोकरी वाचली होती. मी तिथंच उठायला पाहिजे होतं. पण पाणी दिसलं की मीटर बुडवायची सवय झाली होती, आणि माईनं 'तसलंच' म्हटलेलं डोक्यात राहिलं होतं.

माठातलं, दोनशे साठ. मशीनचं, अडतीस. कॅनमधलं, अडतीस.

मी मीटर पुसून परत बुडवला. अडतीस. नदीच्या पाण्याचा आकडा अडतीस येत नाही. कुठल्याच नदीचा येत नाही. मला दुकानातला पांढरा कॅन आठवला, सोमवारचा आणि गुरुवारचा. मी वर पाहिलं. अण्णा दारातून नको म्हणून मान हलवत होते, अगदी थोडी, फक्त मला दिसेल इतकी. पहिल्या दिवशी मीटर हातात देताना याच माणसानं सांगितलं होतं की आकडा ग्राहकाला मोठ्यानं सांगायचा.

"काय म्हणतंय गं तुझं यंत्र?" माईनं विचारलं.

मला देवगावची गाडी दिसली. मग माईचं सुकलेलं तोंड दिसलं. नदी बिघडली म्हणून ही बाई तहानलेली बसली होती, आणि नदीला काही झालं नव्हतं.

"माई, कॅनमधलं पाणी पैठणचं नाही," मी म्हटलं. "ते मशीनचं आहे. नदी बिघडलेली नाही. तुम्ही आत्ता दोन भांडी प्यायलात ते नळाचं, उकळून माठात ठेवलेलं. पैठणचंच."

 मग अण्णा पलंगापाशी आले आणि सांगायला लागले. कंडक्टरची ड्यूटी दुसऱ्याच खेपेला बदलली. कॅन आला नसता तर तू पाणीच सोडलं असतंस. माझ्या दुकानातलं पाणी काय वाईट आहे, लोक विकत नेतात.

माईनं हात वर केला. 

"दत्ता," ती अण्णांना म्हणाली, "त्या कंडक्टरच्या लेकरांसाठी म्हणून मी दर खेपेला पलंगावर बसून लाडू वळत व्हते. ते कुणी खाल्ले?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहिलं.

*

एक तारखेला मी दुकानात गेले, कारण माई रोज माठ रिकामा करत होती आणि येऊ नका असं कुणी म्हणालं नव्हतं. टेबलावर तोच स्टीलचा डबा होता. झाकणावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर अण्णांच्या अक्षरात माझं नाव. मॅडम नाही, शुभांगी.

सलीमभाईंनी नाव वाचलं, मग माझ्याकडे वाटून घ्यायच्या नजरेनं पाहिलं. मी एक त्यांना दिला आणि एक अख्खा तोंडात टाकला. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "घरी फिल्टर घ्यावा म्हणतो. घेऊ का?"

अण्णांचा हात सवयीनं डेमोच्या यंत्राकडे गेला आणि मधेच थांबला.

"त्यांना विचारा," ते म्हणाले.

माझ्या तोंडात लाडू होता.